सहलीची गाडी

सहल म्हटली की तुम्हांला काय आठवते? डबे, गाणी, खिडकीजवळच्या जागेसाठी होणारी भांडणे! पण सहलीची गाडी कोण ठरवते, कशी ठरवते आणि तिच्यासाठी दिलेल्या पैशांतून काय काय मिळते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आज आपण तीच माहिती घेऊ.

समजा, तुम्ही रत्नागिरीच्या एका शाळेत नववीत शिकता. समुद्र, बंदर, थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. आता घाटावरचा मुलूख पाहावा, असे वर्गाने ठरवले. सकाळी निघायचे, आंबा घाट चढून पन्हाळा पाहायचा, दुपारी कोल्हापूर पाहायचे आणि परत यायचे. वर्गात ४२ विद्यार्थी आहेत. बरोबर तीन शिक्षक येणार आहेत. म्हणजे एकूण माणसे ४५.

पहिले काम म्हणजे तारीख ठरवणे. परीक्षा आणि रमजानचे रोजे टाळावेत. पावसाळा तर टाळावाच. कोकणात जून ते सप्टेंबरपर्यंत जोराचा पाऊस पडतो. घाटात धुके दाटते, दरडी कोसळतात, रस्ता निसरडा होतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरला सहलीसाठी निघालेली एक बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. त्या अपघातात तीस जणांचा मृत्यू झाला. एकच प्रवासी वाचला. ही आठवण दुःखाची आहे. पण घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने ती मनात ठेवावी. सहलीला डिसेंबर किंवा जानेवारी हे महिने चांगले. हवा थंड असते आणि रस्ते कोरडे असतात.

दुसरे काम म्हणजे गाडीचा आकार ठरवणे. मिनीबसमध्ये साधारण १७ ते २० माणसे बसतात. मध्यम बसमध्ये तीस-पस्तीस आणि मोठ्या बसमध्ये चाळीस ते पन्नास. आपली माणसे ४५ आहेत. म्हणून ४५ किंवा त्यांहून जास्त आसनांची गाडी हवी. “लहान गाडी स्वस्त पडेल, मुले दाटीवाटीने बसतील,” असे कोणी सुचवले, तर स्पष्ट नाही म्हणावे. गाडीवर जितक्या आसनांची नोंद असते, तितकीच माणसे तिच्यात बसवायची असतात.

आता गाडी कोठून आणावी? पहिला मार्ग एस.टी.चा. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. एस.टी.ची पूर्ण बस एखाद्या गटाला ठरावीक दिवसासाठी भाड्याने मिळते. याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी घेऊन आगारात अर्ज करावा लागतो. शालेय सहलींना भाड्यात सवलतही मिळते. सहलींच्या दिवसांत पुष्कळ शाळा अर्ज करतात, म्हणून आपला अर्ज लवकर करावा.

दुसरा मार्ग खासगी गाडीचा. येथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. प्रथम गाडीच्या क्रमांकाची पाटी पाहा. भाड्याने फिरणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते आणि तिच्यावर काळी अक्षरे असतात. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी असते. ती भाड्याने घेऊ नये. नंतर कागदपत्रे पाहावीत. नोंदणीचे पुस्तक, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि चालकाचा परवाना. प्रत्येक कागदावरची मुदत वाचावी. सहलीच्या दिवशी ती संपलेली नसावी.

कागद पाहून झाले की गाडी पाहावी. टायर गुळगुळीत झालेले नाहीत ना? स्टेपनी, जॅक, प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवण्याचे साधन आहे ना? आपत्कालीन दरवाजा उघडतो ना? किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. म्हणून पायऱ्या, आसनांचे पाय आणि गाडीचा तळ नीट पाहावा. वरून नवा रंग असला, तरी खाली गंज असू शकतो.

आता भाड्याचा हिशोब. समजा, गाडीमालक म्हणाले, “किलोमीटरला ६० रुपये. दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर.” हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. जाऊन येऊन २६०. पन्हाळ्याची वाट आणि शहरातील फिरणे धरून २९० झाले, असे समजू. तरी पैसे ३०० किलोमीटरचेच द्यावे लागतील, कारण ‘कमीत कमी’ असे ठरले आहे. म्हणजे १८,००० रुपये. चालकाचा भत्ता ५०० रुपये, गाडी उभी करण्याचे शुल्क व पथकर मिळून ४०० रुपये. एकूण १८,९०० रुपये झाले. ४२ विद्यार्थ्यांत वाटले, तर प्रत्येकी ४५० रुपये.

आता विचार करा. शेवटचे ९०० रुपये आधी विचारलेच नसते, तर? मुलांकडून कमी पैसे गोळा झाले असते आणि वाटेत पुन्हा मागावे लागले असते. वर्गात एखादी मुलगी असते, जिच्या घरी साडेचारशे रुपयेसुद्धा महिनाभर साठवावे लागतात. तिच्याकडे ऐनवेळी आणखी पैसे कोठून येणार? ती कोणाला काही बोलणार नाही, पण तिच्या सहलीचा आनंद जाईल. म्हणून सर्व प्रश्न आधी विचारावेत. “किलोमीटर कोठून मोजणार, शाळेपासून की तुमच्या दारापासून? उशीर झाला, तर जादा किती? गाडी बंद पडली, तर दुसरी कोण देणार?”

उत्तरे मिळाली की ती कागदावर लिहून घ्यावीत. तारीख, वेळ, मार्ग, गाडीचा क्रमांक, दर, आगाऊ रक्कम आणि बाकी रक्कम. खाली दोघांच्या सह्या. आगाऊ रकमेची पावती घ्यावी. करार, रक्कम, हिशोब, दर, जादा हे शब्द तर तुम्हांला घरचेच वाटतील. मराठीने आणि उर्दूने ते फार पूर्वीपासून वाटून घेतले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा माणूस, गाडीचा चालक. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यानुसार २०२५ पर्यंत साधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती ठरलेली होती. आपली सहल पहाटे पाचला निघून रात्री दहाला परतणार असेल, तर ते सतरा तास होतात. अशा वेळी दुसरा चालक मागावा किंवा कार्यक्रम आटोपशीर करावा. एक ठिकाण कमी पाहिले, तर काही बिघडत नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हाती ४५ जीव देऊ नयेत.

तुमचीही काही जबाबदारी आहे. त्यांना काका म्हणा किंवा चाचा म्हणा, पण “पळवा, पळवा!” असा गलका करू नका. घाट उतरताना ते गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालवतात, म्हणजे ब्रेकवर भार कमी येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतात. ही भीती नव्हे, हे शहाणपण आहे. खिडकीबाहेर हात काढू नका. ज्यांना गाडी लागते, त्यांनी थोडेच खावे आणि पुढच्या बाजूला बसून समोर पाहावे. जेवणाची वेळ झाली की चालकालाही आपल्या पंक्तीला बोलवा. अडचण आली, तर ११२ हा क्रमांक मदतीसाठी आणि १०८ रुग्णवाहिकेसाठी आहे, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी परतताना प्रत्येक थांब्यावर मुले मोजा. ४२ म्हणजे ४२. एकही कमी असेल, तर गाडी हलू देऊ नका. घाट उतरून साखरपा मागे पडले की हवेतला गारवा कमी होतो. थोड्या वेळाने रत्नागिरीचे दिवे दिसू लागतात. शाळेच्या फाटकाशी आईवडील वाट पाहत उभे असतात. ते काय पाहिले हे नंतर विचारतात, आधी आपले मूल शोधतात. तारीख, कागद, टायर, हिशोब ही सारी धडपड त्या एका क्षणासाठी असते.