मक्याची माणसे : माया समाजाची सृष्टिकथा आणि 'पोपोल वुह'

'माया' हा शब्द कानी पडताच आमच्या वाचकांना वेदान्तातील माया अथवा सिद्धार्थाची माता महामाया आठवणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखातील माया हे मात्र मध्य अमेरिकेतील एका प्राचीन समाजाचे नाव असून संस्कृत शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. हा समाज कधीच लुप्त झाला, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी आपली ओळख माया अशी नोंदविली आहे. त्यांपैकी किचे या गटाच्या सृष्टिकथेचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रंथाची कहाणी

माया समाजाजवळ स्वतःची लिपी होती आणि झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या घडीच्या पोथ्या होत्या. इ.स. १५२४ मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो याने किचे राजधानी कुमारकाह जाळली. पुढे १५६२ मध्ये युकातान प्रांतातील मानी या गावी दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात अशा अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत.

कुमारकाहच्या विध्वंसानंतर किचे कुळांतील काही जाणत्या पुरुषांनी एक वेगळा मार्ग शोधला. जेत्यांची रोमन लिपी त्यांनी शिकून घेतली आणि तिच्यात स्वतःच्या भाषेत आपली कथा लिहून ठेवली. हे लेखन साधारणपणे १५५४ ते १५५८ या काळातील मानले जाते. लेखकांनी आपली नावे दिलेली नाहीत. ग्रंथाचे नाव 'पोपोल वुह'. 'पोप' म्हणजे चटई व 'वुह' म्हणजे ग्रंथ. चटईवर बसून ज्येष्ठांची बैठक होई. म्हणून हा बैठकीचा, म्हणजेच सभेचा ग्रंथ होय. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथील फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने केलेली प्रत व स्पॅनिश भाषांतर तेवढे शिल्लक असून ते शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. एका धर्मगुरूने पोथ्या जाळल्या आणि दुसऱ्याने एक राखली, ही इतिहासातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

चार प्रयत्न

कथेच्या आरंभी केवळ निश्चल समुद्र व आकाश आहे. पिसांचा सर्प कुकुमात्स आणि आकाशाचे हृदय हुराकान एकत्र येतात, विचारविनिमय करतात व त्यांच्या शब्दासरशी पृथ्वी वर येते. येथे निर्मिती एकट्याच्या आज्ञेने होत नाही. ती सल्लामसलतीने होते.

आपले नाव घेईल, आपले स्मरण ठेवील असा जीव त्यांना हवा असतो. प्रथम पशुपक्षी होतात; ते चीत्कारतात, पण बोलू शकत नाहीत. नंतर चिखलाचा माणूस घडतो. तो पाण्यात विरघळतो. तिसऱ्या वेळी लाकडाची माणसे होतात. ती चालतात, बोलतात, त्यांची प्रजाही वाढते. परंतु त्यांना अंतःकरण नसते आणि स्मृतीही नसते. त्यांच्यावर महापूर लोटतो. त्याहून विलक्षण म्हणजे त्यांची स्वतःची मडकी, दळण्याचे पाटे, चुलीचे दगड आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात. रोज जाळलेले मडके, रोज रगडलेला पाटा व उपाशी ठेवून मारलेले कुत्रे आपापला हिशेब मागतात. ज्यांच्या कष्टांवर संसार चालला त्यांची जाण नसलेला माणूस माणूस ठरत नाही, असाच या प्रसंगाचा अर्थ आम्हांस दिसतो. त्या लाकडी माणसांचे वंशज म्हणजे रानातील माकडे, असे कथा सांगते.

यानंतर हुनाह्पू व श्बालांके या जुळ्या भावांचे आख्यान येते. शिबाल्बा या पाताळाच्या अधिपतींनी त्यांच्या पित्याला व चुलत्याला चेंडूच्या खेळासाठी बोलावून ठार केलेले असते. जुळे भाऊ पाताळात उतरून एकेक परीक्षा पार करतात, मरण पत्करतात, पुन्हा जिवंत होतात आणि शस्त्रबळाने नव्हे तर युक्तीने त्या अधिपतींचा पराभव करतात. शेवटी त्यांचेच सूर्य व चंद्र होतात.

आता चौथा प्रयत्न. कोल्हा, कोयोट, पोपट व कावळा मक्याची जागा दाखवितात. आजी श्मुकाने पिवळा व पांढरा मका नऊ वेळा दळते आणि त्या पिठातून पहिले चार पुरुष घडतात. त्यांना सर्व काही दिसते, सर्व काही कळते. निर्मात्यांना ते रुचत नाही. आरशावर फुंकर घालावी तशी ते त्यांची दृष्टी धूसर करतात. मग चार स्त्रिया निर्माण होतात आणि वंश वाढतो.

कथा किती जुनी?

ही कथा ख्रिस्ती शिकवणीच्या प्रभावाखाली रचली गेली असावी, अशी शंका काहींनी घेतली होती. लेखकांचा काळ पाहता आरंभीच्या भागात तसा स्पर्श असू शकेल. परंतु कथेचा गाभा फार प्राचीन आहे. ग्वाटेमालातील सान बार्तोलो येथे २००१ मध्ये सापडलेल्या, सुमारे इ.स.पू. १०० च्या भित्तिचित्रांत मक्याच्या देवाचे प्रसंग रंगविलेले आहेत. ख्रिस्ती धर्म अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके घडविलेल्या मातीच्या ताटांवर फुंकनळीने पक्ष्याचा वेध घेणारे जुळे भाऊ दिसतात.

वाचणारे कोण?

दीर्घकाळ या ग्रंथाचे वाचन व विवेचन युरोप-अमेरिकेतील विद्वानच करीत होते. विसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. आद्रियान इनेस चावेस या किचे शिक्षकाने मूळ किचेवरून त्याचे नवे भाषांतर केले. लुईस एन्रिके साम कोलोप या किचे विद्वानाने १९९९ मध्ये किचे संहितेची आवृत्ती सिद्ध केली. हे कार्य सुखाच्या काळात झालेले नाही. १९६० ते १९९६ या काळात ग्वाटेमालात यादवी युद्ध चालू होते आणि १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते.

'पोपोल वुह'चे लेखक आपल्या ग्रंथाला पाहण्याचे साधन म्हणतात. निर्मात्यांनी धूसर केलेली दृष्टी ज्या ग्रंथाच्या साह्याने परत मिळवायची, तोच जेत्यांनी दृष्टीआड केला होता. कथा शब्दशः खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. स्मृती नसलेली माणसे लाकडाची असतात असे सांगणाऱ्या समाजाने स्वतःची स्मृती जळू दिली नाही आणि आज तो ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचीत आहे, हे महत्त्वाचे होय.