मोठे मत्स्यालय आणि घराची जमीन

पाण्याने भरलेली घागर कमरेवर घेणाऱ्यास पाण्याचे वजन सांगावे लागत नाही. परंतु तेच पाणी काचेच्या पेटीत भरले, त्यात हिरव्या वनस्पती लावल्या आणि रंगीत मासे सोडले की त्याच्या वजनाचा विसर पडतो. मत्स्यालय दिवाणखान्याची शोभा ठरते. ते ज्या जमिनीवर उभे असते तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. पेटी लहान असेल तर हे चालून जाते. पेटी मोठी असेल तर मात्र हा विचार मासे आणण्यापूर्वीच करावयास हवा. कारण शहरात एका घराची जमीन हे बहुधा दुसऱ्या घराचे छत असते.

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगरात घरबांधणीतील हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन व युरेशियन कुटुंबांची ही शेतीवसाहत वसली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून ती ओळखली जाऊ लागली. तेथील जुनी घरे बैठी व कौलारू होती. बैठ्या घराची जमीन मातीच्या भरावावर टेकलेली असते. भराव नीट ठोकून बसविलेला असला, म्हणजे वर ठेवलेला भार सरळ भूमीत उतरतो. १९९० नंतर या भागात संगणक-उद्योग आला आणि त्यामागोमाग बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. तेथील वरच्या मजल्यावरची जमीन म्हणजे लोखंडी सळया घालून ओतलेला काँक्रीटचा स्लॅब होय. त्याला तुळयांचा आधार असतो, तुळयांना खांबांचा आणि खांबांना पायाचा. वरच्या प्रत्येक वस्तूचे वजन याच वाटेने भूमीपर्यंत जाते.

समजा, अशा सदनिकेत १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व तितकेच उंच मत्स्यालय ठेवावयाचे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते. वाळू व दगड यांनी व्यापलेली जागा वगळता पेटीत सुमारे ५४० लिटर पाणी मावते. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन १२० किलोग्रॅम, वाळू व दगडांचे १०० आणि मांडणीसह इतर साहित्याचे ९० धरले, तर एकूण भार ८५० किलोग्रॅम होतो. पेटीखालची जागा जेमतेम १.०८ चौरस मीटर असल्याने प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ७९० किलोग्रॅम भार येतो. याउलट भारतीय मानकाच्या १९८७ च्या संहितेत राहत्या खोल्यांसाठी माणसे व सामान यांचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, धरलेला आहे.

हे आकडे पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीचा विचार केल्यास त्याच हिशेबाने साऱ्या स्लॅबसाठी २,४०० किलोग्रॅम भार गृहीत धरलेला असतो. म्हणून खरा प्रश्न भार किती हा नसून तो कोठे ठेवला आहे, हा आहे. दोन विटांवर एक फळी टेकवून तिच्या मध्यभागी वरवंटा ठेवला, तर फळी वाकते. तोच वरवंटा विटेजवळ सरकविला की फळी जवळजवळ सरळ राहते. तीन मीटर अंतर झाकणाऱ्या स्लॅबच्या पट्टीवर मध्यभागी ठेवलेला भार जितके वाकविणारे बळ निर्माण करतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी बळ तो आधारापासून ४० सेंटिमीटरवर ठेवल्यास निर्माण होते. मात्र हा आधार खरा असावा. आधुनिक इमारतीतील पुष्कळशा भिंती केवळ आडोशाच्या असतात. त्यांच्याखाली तुळई आहे की नाही, हे नकाशावरूनच ठरते. एका कडेलाच आधार असलेल्या सज्जाच्या टोकाशी तर मोठे मत्स्यालय कधीही ठेवू नये.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. पाहुणे येतात आणि जातात. मत्स्यालयातील पाणी मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहते. काँक्रीटवर भार दीर्घकाळ राहिला, तर ते हळूहळू अधिक वाकत जाते. त्यामुळे पेटी भरल्यावर पहिल्या दिवशी काहीच बिघडले नाही, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

स्लॅब बळकट करावा म्हटले, की पुष्कळांना वरून काँक्रीटचा आणखी एक थर घालण्याची कल्पना सुचते. वर सांगितलेल्या खोलीत पाच सेंटिमीटर जाडीचा असा थर घातला, तर त्याचेच वजन १,५०० किलोग्रॅम होईल. मत्स्यालयाच्या जवळजवळ दुप्पट भार घालून केलेली ही बळकटी जुन्या स्लॅबशी एकजीव न झाल्यास केवळ ओझे ठरते.

अधिक सयुक्तिक उपाय म्हणजे स्लॅबखाली पोलादी तुळई बसवून तिची टोके मूळ तुळयांवर वा खांबांवर टेकविणे. तुळई व स्लॅब यांमधील फट न आकसणाऱ्या मसाल्याने गच्च भरावी लागते. अन्यथा स्लॅब वाकून तुळईला टेकेपर्यंत ती निरुपयोगी राहते. यातही एक धोका आहे. साध्या स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळया खालच्या अंगास असतात, कारण ताण तेथे पडतो. मध्येच नवा आधार दिला, की त्या आधारावर ताण वरच्या अंगास जातो. तेथे पुरेशा सळया नसतील तर वरून भेगा पडतात. म्हणून आधाराची जागा गणित करूनच ठरवावी लागते. शिवाय हे काम खालच्या कुटुंबाच्या घरात जाऊन करावे लागते. त्यांची संमती नसेल, तर एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत पोहोचणारी पोलादी चौकट स्लॅबच्या वरूनच बसवून तिच्यावर पेटी ठेवता येते.

मांडणीच्या चार पायांखाली काँक्रीट चिरडण्याची भीती सहसा नसते. पण फरशीखाली पोकळी राहिली असेल तर फरशी तडकते. पायांखाली लांब पट्ट्या घातल्याने भार पसरतो. पेटी एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरावी आणि प्रत्येक टप्प्यावर पाणसळ लावून ती कललेली नाही, हे पाहावे.

इमारतीचा नकाशा घेऊन संरचना-अभियंत्याकडे जाण्याचा खर्च मोठ्या मत्स्यालयाच्या खर्चाच्या मानाने अल्प असतो. जमीन बळकट करणे याचा अर्थ तिची जाडी वाढविणे असा नसून, भाराला भूमीपर्यंत जाण्याची निर्वेध वाट करून देणे असा आहे. ती वाट मिळाली, म्हणजे वरच्या घरातील मासे आणि खालच्या घरातील माणसे दोघेही सुरक्षित राहतात.