बंद लिफाफा आणि त्यावरचा पत्ता

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेंतील कोणासही वाचतां येतो; बंद लिफाफ्यांतील पत्र मात्र ज्यास लिहिलें त्यासच कळतें. मोबाइलवरून जाणाऱ्या संदेशांचेंही असेंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील खासगी संदेश इ. स. २०१६ पासून लिफाफाबंद जातात. पाठविणाऱ्याच्या यंत्रांत मजकुराचीं सांकेतिक अक्षरें बनतात व तीं उलगडण्याची किल्ली घेणाऱ्याच्या यंत्रांतच असते. वाटेंत खुद्द कंपनीसही तो मजकूर वाचतां येत नाहीं.

परंतु एवढ्यावरून निर्धास्त होणें बरें नव्हे. लिफाफ्यावरचा पत्ता उघडाच असतो! कोणी, कोणास, केव्हां लिहिलें हें पोंचविणाऱ्यास कळूं शकतें. रात्रीं दोन वाजतां कोणी डॉक्टरांस संदेश धाडला, तर मजकूर न वाचतांही घरांत आजार असावा असा तर्क करतां येतो. शिवाय, वाचणाराच तें पत्र चार जणांस दाखवूं लागला, तर तेथें यंत्राचा उपाय चालत नाहीं; माणसाची सचोटीच हवी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. हा हक्क जसा आपला, तसाच आपल्या मित्राचाही आहे. एखादें नवें अ‍ॅप आपल्या मोबाइलमधील नांवांची यादी मागतें, तेव्हां परवानगी देणारें बोट आपलें, पण दिले जाणारे क्रमांक दुसऱ्यांचे असतात. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, बोट टेकविण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. आणि पालकांनींही मुलाचें गुणपत्रक नातेवाइकांच्या समूहांत धाडण्याआधीं त्यास एकदां विचारावें.