ऊन बदललं, तुमच्या धंद्याचं वेळापत्रक बदललं का?



समजा, अकोल्यात तुमची नाश्त्याची गाडी आहे. एप्रिलची दुपार. गिऱ्हाईक नाही, चटणी आंबली, हाताखालचा मुलगा चक्कर येऊन खाली बसला. तुम्ही म्हणता, "उन्हाळा आहे, चालायचंच!"

थांबा. हा पूर्वीचा उन्हाळा राहिलेला नाही.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत साचतो. जमिनीवरून वर जाणारी उष्णता तो अडवतो, जणू पृथ्वीवर गोधडी टाकलीय. त्यामुळे १८५०-१९०० च्या तुलनेत पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढलंय.

"एका अंशानं काय होतंय?" इथेच हिशोब चुकतो. गल्ल्याच्या भाषेत बघा. तुमचा रोजचा गल्ला सरासरी २,००० रुपये. ३,००० क्वचितच होतो. सरासरी २,३०० झाली, तर ३,००० चे दिवस थोडे नाही, कितीतरी पट वाढतात. उन्हाचंही तसंच. सरासरी जराशी सरकते, पण टोकाचे दिवस झपाट्याने वाढतात.

मार्च २०२२ आठवतो? १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च. तशा लाटेची शक्यता हवामान बदलामुळे साधारण ३० पट वाढली, असं शास्त्रज्ञांनी काढलं. गव्हाला फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. म्हणजे ऊन थेट बाजारभावात उतरलं!

मग करायचं काय?

१. रोज हवामान खात्याचा इशारा बघा. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट.

२. वेळ बदला. सकाळी लवकर उघडा, दुपारी बंद ठेवा, संध्याकाळी उशिरापर्यंत चालवा.

३. नासणारा माल थोडा-थोडा करून आणा.

४. माणसं जपा. सावली, पाणी, मध्ये-मध्ये विश्रांती द्या. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घाला. बुडालेला गल्ला उद्या भरून निघेल, गेलेला माणूस नाही.

आजच वहीत लिहा: गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या चार तासांत किती कमावलं, किती माल टाकला? आकडा बघून तुम्हीच ठरवाल.

तुमचा आकडा खाली नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!