मालमोटार, वजनकाटा आणि हलालची कमाई

नाशिक-मालेगाव पट्ट्यातील आपल्या अनेक बांधवांची रोजी मालमोटारीवर चालते. कोणी मालक, कोणी चालक, कोणी गॅरेजवाला. या धंद्यात नाक्यावर रांगेत उभे राहणे नशिबीच असे. नाशिक महापालिकेची जकात २०१३ मध्ये बंद झाली, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. अमेरिकेत १९९० च्या दशकातच, ज्यांचा हिशेब चोख अशा गाड्यांना वजननाक्यावर न थांबता सोडण्याची पद्धत सुरू झाली होती. आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहत आहे.

मात्र गाडी थांबत नाही म्हणून तपासणी होत नाही, असे समजू नये. अनेक टोलनाक्यांवर चालत्या गाडीचे वजन घेणारे काटे आहेत. जानेवारी २०२१ पासून ई-वे बिल फास्टॅगशी जोडले गेले. गाडीने कोणता नाका केव्हा ओलांडला, हे जीएसटी अधिकाऱ्याला कार्यालयात बसून दिसते.

आता हिशेब पाहा. सहा चाकी, दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली. त्याहून तीन टन जास्त भरले तर सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे २०,००० रुपये आणि दर जादा टनाला २,००० याप्रमाणे ६,००० असा २६,००० रुपये दंड होतो. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वजनासाठी गाडी थांबवली नाही तर ४०,००० रुपये. गाडी चालवणारा आणि तशी चालवू देणारा, दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. व्यापाऱ्याच्या आग्रहाखातर चार गोण्या जास्त घेणारा एका गाडीचा मालक यात बुडतो.

म्हणून आमची सूचना अशी : माल भरताच काट्यावर वजन करून पावती जवळ ठेवा. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलात नवा क्रमांक भरा. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, हे ध्यानात ठेवा. ताज्या कांद्याला व भाजीपाल्याला हे बिल लागत नाही. वजनाचा नियम मात्र लागतोच.

माप-वजनात लबाडी करणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. आमच्या मते जादा भरलेली गाडीही त्याच विचाराने पाहावी. तिचे ब्रेक निकामी झाले तर जीव दुसऱ्याचाही जातो. काट्याच्या भीतीपेक्षा ही जाणीव मोठी असावी.