जोड बघून कुस्ती: फँटसी खेळातली लढाई, घरचे नियम आणि एक चुकलेला अंदाज

चैत्र-वैशाखात सातारा-सांगलीकडच्या जत्रांमध्ये कुस्तीचा फड लागतो, तेव्हा सगळ्यात अवघड काम पैलवानाचं नसतं, जोड लावणाऱ्याचं असतं. समोर दोन पोरं उभी करायची, उंची, अंगलट, वय, तालीम बघायची, मागच्या जत्रेत कोण कुणाशी लढला ते आठवायचं आणि मग कुस्ती लावायची. जोड चुकली तर पोरगं अर्ध्या मिनिटात चितपट होतं, किंवा कुस्ती रेंगाळते आणि शेवटी पंच ती बरोबरीत सोडवतात. दोन्ही वेळेला लोक जोड लावणाऱ्याच्या नावानं ओरडतात.

मी सांगलीत मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते आणि बहुतेक वेळा डीएम मीच असते, म्हणजे राक्षस, गावं, वादळं सगळं माझ्याकडे. माझं कामही जोड लावण्याचंच. मागच्या पावसाळ्यात मी एक घरचा नियम आणला आणि पुढच्याच लढाईत चारातले दोन वीर मेले. एक मित्र वही मिटून घरी गेला. नियम वाईट होता असं म्हणून मी तो काढून टाकला. नंतर सवडीनं गणित केलं तेव्हा कळलं की माझं निदानच चुकलं होतं. ज्यांची पेट झाली आहे आणि जे आता प्रस्ताव लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा प्रकार लिहितेय. प्रबंधात आपण हेच करतो: काहीतरी बदलतो, काहीतरी घडतं, आणि दोन्हीचा संबंध घाईनं जोडून टाकतो.

आधी ‘संतुलित’ म्हणजे काय ते ठरवूया. फडावर चांगली जोड म्हणजे निकाल आधी सांगता येऊ नये, साधारण निम्मी-निम्मी शक्यता. डी अँड डी मध्ये मात्र निम्मी शक्यता म्हणजे आपत्ती. एका मोहिमेत वीस लढाया असतील आणि प्रत्येकीत हरण्याची शक्यता निम्मी असेल, तर गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच संपेल. इथं संतुलित लढाई म्हणजे वीर बहुधा जिंकतात, पण जिंकताना त्यांचं रक्त आटतं. म्हणून ‘कोण जिंकलं’ हे मोजून फारसं हाती लागत नाही. मी मोजलं ते हे: लढाई संपेपर्यंत वीरांना एकूण किती हिट पॉइंटचा मार बसतो. आपण नक्की कुठली राशी मोजणार हे न ठरवता ‘संतुलन’, ‘परिणामकारकता’, ‘जागरूकता’ असे शब्द प्रस्तावात लिहिले, तर मार्गदर्शक तिथंच लाल शाईनं गोल करतात. करायलाच हवा.

आता लढाई. २०१४ च्या नियमावलीतला एक ओगर घ्या: ५९ हिट पॉइंट, आर्मर क्लास ११, हल्ल्याला अधिक ६, सरासरी मार १३. त्याचे अनुभव-गुण ४५०. एका गॉब्लिनचे ५०, म्हणजे नऊ गॉब्लिनचेही ४५०. प्रत्येक गॉब्लिनचे हिट पॉइंट ७, म्हणजे नऊ मिळून ६३. कागदावर ओगर आणि ही टोळी जवळजवळ सारखीच दिसते. वीर चार, तिसऱ्या लेव्हलचे. त्यांचा आर्मर क्लास १६, हल्ल्याला अधिक ५, आणि मार एक आठ-पैलू फासा अधिक ३, म्हणजे सरासरी साडेसात धरू. मंत्र, क्रिटिकल, नशिबाचे खेळ सध्या बाजूला.

ओगरला लागायला वीस-पैलू फाशावर ६ किंवा जास्त हवेत, म्हणजे ७५ टक्के. चार वीर मिळून एका फेरीत सरासरी साडेबावीस मार देतात, म्हणून ओगर तिसऱ्या फेरीत पडतो. वीर आधी खेळले तर त्याला दोनदाच हात उगारता येतो. दर वेळी ०.५५ गुणिले १३, म्हणजे ७.१५. एकूण मार सुमारे १४.

गॉब्लिनचं वेगळं. त्यांचा आर्मर क्लास १५, म्हणून वीरांचे ५५ टक्केच वार लागतात, फेरीला २.२. एक वार लागला की ६२.५ टक्के वेळा गॉब्लिन मरतो, दुसऱ्याला नक्की मरतो. म्हणजे एका गॉब्लिनमागे सरासरी १.३७५ वार. फेरीला १.६ गॉब्लिन पडतात. एक गॉब्लिन एका हल्ल्यात सरासरी २.४७५ मार देतो (०.४५ गुणिले ५.५). फेरीनंतर उरणारे गॉब्लिन: ७.४, ५.८, ४.२, २.६, १. बेरीज २१. एकूण मार सुमारे ५२.

चौदा आणि बावन्न. अनुभव-गुण तेवढेच.

नियमावलीला हे माहीत नव्हतं असं नाही. २०१४ च्या पुस्तकात शत्रूंच्या संख्येनुसार गुणक दिलाय. सात ते दहा शत्रू असतील तर अडीच. म्हणजे नऊ गॉब्लिन ११२५ चे धरायचे. तिसऱ्या लेव्हलच्या चार वीरांना ३०० पासून सोपी, ६०० पासून मध्यम आणि ९०० पासून अवघड लढाई. ओगर सोप्यात पडतो, टोळी अवघडात. २०२४ च्या आवृत्तीत हा गुणक काढून टाकलाय. हिशेब सोपा झाला, पण माझ्या मते त्याबरोबर एक महत्त्वाची सूचनाही गेली.

यामागचं तत्त्व जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्यानं १९१६ च्या पुस्तकात मांडलं की सगळ्यांना एकाच वेळी वार करता येत असतील, तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट माणसं म्हणजे चौपट बळ. पण एका वेळी एकालाच भिडता येत असेल तर दुप्पट म्हणजे दुप्पटच. घोडखिंडीत १६६० साली बाजीप्रभूंनी काय साधलं हे शाळेत शिकलेल्याला हे समीकरण समजावून सांगावं लागत नाही.

आता माझा घरचा नियम. शत्रूच्या दोन बाजूंना दोन साथीदार उभे असतील तर दोघांनाही ‘ॲडव्हांटेज’, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. पुस्तकात हा ऐच्छिक नियम आहेच. मला वाटलं, वीरांना डावपेच खेळायला मजा येईल. दोन वीर मेल्यावर वाटलं, गॉब्लिन जास्त आहेत, म्हणून नियमाचा फायदा त्यांनाच झाला.

गणित करा. गॉब्लिनची शक्यता ०.४५ वरून ०.६९७५ होते, म्हणजे ५५ टक्के वाढ. वीरांची ०.५५ वरून ०.७९७५, म्हणजे ४५ टक्के. इथपर्यंत माझा संशय बरोबर दिसतो. पण सगळ्यांनाच फायदा मिळतोय असं धरून लढाई शेवटपर्यंत नेली, तर वीर फेरीला २.३२ गॉब्लिन पाडतात, लढाई चौथ्या फेरीत संपते आणि एकूण मार येतो ५०. आधी ५२ होता! नियमानं लढाई छोटी केली, जास्त घातक नाही केली. हे बघून मी दोनदा आकडेमोड तपासली.

मग माणसं मेली कशी? त्या दिवसाची मांडणी आठवली. दोन वीर पुढे, आणि धनुर्धर व जादूगार मागे. हा नियम हातघाईलाच लागू, म्हणून फायदा दोघांनाच. गॉब्लिन मात्र मोकळ्या माळावर, चौघांनाही वेढून उभे. या मांडणीत मार येतो ६३. एकाही वीराला फायदा मिळाला नाही तर ८१. ॲडव्हांटेजऐवजी नुसता अधिक २ दिला असता, जो बऱ्याच टेबलांवर चालतो, तर दोन-वीरांच्या मांडणीत ५७. तोच नियम, आणि आकडे ५० ते ८१. फरक कोण कुठे उभा आहे याचा, आणि ती जागा मीच आखली होती.

मी एकाच संध्याकाळी नियम आणि मैदान दोन्ही बदललं होतं, आणि दोष दिला फक्त नियमाला. याआधीच्या सगळ्या लढाया गुहेत होत्या.

या हिशेबात खोटही आहे, ती सांगायला हवी. मी गृहीत धरलंय की शेवटपर्यंत एकही वीर पडत नाही. खऱ्या लढाईत एक पडला की वार कमी होतात, गॉब्लिन जास्त काळ जगतात, आणखी एक पडतो. कबड्डीत हेच दिसतं: सातातले चार बाद झाले की उरलेल्या तिघांना चढाईपटू पकडणं आणखी अवघड. या उतरणीचं काय करायचं याची कबड्डीच्या जुन्या प्रकारांनी वेगवेगळी उत्तरं दिली. संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला परत येतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत कुणी परत येत नाही. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहतो, फक्त गुण मोजतात. आजच्या कबड्डीत तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर ‘सुपर टॅकल’चा एक जादा गुण. डी अँड डी मध्ये एक हिट पॉइंट उरलेला वीरही पूर्ण ताकदीनं वार करतो. वास्तवाला धरून नाही म्हणून ‘निम्मे हिट पॉइंट गेले की वजा २’ असा घरचा नियम अनेकजण लावतात. लावण्याआधी एवढं बघा, की पहिल्या फेरीत ज्याचे फासे बरे पडले त्याच्याकडेच त्यामुळे लढाई झुकते.

सरासरीच्या पुढे जायचं तर सिम्युलेशन लागतं. पायथॉनमध्ये चाळीस ओळींचं काम आहे. दोन वीर मरण्याची शक्यता समजा ३० टक्के आहे. आठवड्याला एक अशी वर्षभर ५० लढाया टेबलावर खेळून ती काढायला गेलात, तर अंदाजात दोन्हीकडे सुमारे १३ टक्क्यांची चूक राहते. म्हणजे १७ की ४३ हे सांगता येत नाही. दहा हजार वेळा संगणकाला खेळायला लावलं तर चूक एका टक्क्याच्या आत. आणि मी एका लढाईवरून नियम रद्द केला होता!

विश्रांतीचा मुद्दा थोडक्यात, पण तो आपल्या भागाचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. तिथं जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामदबेयोव्हपुढे उभं केलं; मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण भारताकडून ती मागायला कुणी अधिकारी तिथं नव्हता, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. जोड कागदावर कितीही बरोबर असो, आधीची कुस्ती अंगात उरलेली असते. २०१४ ची नियमावली धरून चालते की वीर एका दिवसात सहा ते आठ लढाया करतील, मध्ये दोन छोट्या विश्रांती घेऊन. आपण रविवारी संध्याकाळी एकच लढाई खेळतो, जादूगार सगळे मंत्र तिथंच उधळतो आणि मग राक्षस मवाळ वाटतात. त्यावर राक्षसांचे हिट पॉइंट वाढवण्यापेक्षा पुस्तकातलाच एक पर्याय बघा: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची.

मी नियम परत आणला आणि मैदान बदललं. एका वेळी तीनच गॉब्लिन आत हात घालू शकतील असं दार, आणि नियमाशिवायचा पहिला हिशेब: उरलेले ७.४ असोत की ५.८, वार करणारे तीनच. मार ५२ वरून ३१ वर येतो. यात मागच्या वीरांनी बाण मारलेत आणि गॉब्लिननी मारलेले नाहीत. गॉब्लिनकडे धनुष्य असतंच, तेव्हा पुढच्या रविवारी तेही मोजायचंय. वही मिटून गेलेला मित्र येतोय. त्याला ढाल हवीय म्हणे.