क्वेरी बिनचूक, आकडा फसवा

कमांड लाइनवर साधा प्रश्न टाइप केला की त्याची एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली, क्वेरी बनवून देणारी एआय साधनं आता कुणालाही मिळतात. त्यांच्याबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे क्वेरी चालली, आकडा आला, की उत्तर बरोबरच.

पैनगंगेपलीकडचं, कापसाचं आदिलाबाद घ्या. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 41 हजार होती. 11 ऑक्टोबर 2016 रोजी तेलंगणानं जिल्ह्यांची फेररचना केली आणि त्यातून निर्मल, मंचिर्याल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. उरलेल्या आदिलाबादकडे जुन्या लोकसंख्येचा जेमतेम पाव हिस्सा राहिला. नाव मात्र तेच.

आता समजा, एका टेबलात जिल्हावार कापसाचे आकडे आहेत. 'आदिलाबादचं उत्पादन वर्षवार दाखव' म्हटलं, की साधन जिल्ह्याच्या नावावर 'व्हेअर'ची अट घालतं आणि वर्षावर 'ग्रुप बाय' करतं. क्वेरीत खोट काढायला जागा नाही. पण 2016 नंतर कापूस कोसळलेला दिसेल, शेतात काहीही बिघडलेलं नसताना! साधनाला टेबलांची आणि कॉलमची नावं दिसतात. जिल्हा फुटल्याचं त्यात कुठे लिहिलंय? खरी तुलना हवी तर पुढच्या वर्षांसाठी चारही जिल्ह्यांची बेरीज मागावी लागते. तिथेही आसिफाबादच्या पूर्ण नावातलं कोमाराम भीम कुणी 'कोमरम' लिहितं, कुणी 'कुमुरम', आणि बरोबरचं चिन्ह अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय नोंद उचलत नाही.

'साधन आहे, मग एसक्यूएल कशाला शिकायचं?' हाही तसलाच समज. गंमत अशी, की 1974 मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉयस यांनी ही भाषा मांडली तीच प्रोग्रामर नसलेल्यांसाठी. लिहिता नाही आली तरी चालेल, पण निदान 'व्हेअर'नंतर काय आलंय ते वाचता यायला हवं.

आणि कमांड लाइनचा काळा पडदा म्हणजे मोठा सर्व्हर लागणार, असंही नाही. एसक्यूलाइटचा अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो आणि जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतो. धोका वेगळाच आहे: 'व्हेअर' गळलेली एक 'डिलीट' क्वेरी सगळं टेबल रिकामं करते. म्हणून साधनाच्या हाती डेटाबेस देताना फाइल 'रीडओन्ली' पर्याय लावूनच उघडा. मग आकडा चुकला तरी नोंदी शाबूत राहतात.